फटफटीचं आवतन

श्रावण सरत आला की आमच्याकडं मीठ पाघळतं, आगपेटी रुसते आणि फटफटी आजारी पडते. पहिल्या दोन गोष्टी घरोघरी होतात. तिसरी फक्त आमच्या घरची.

यंदाही पोळ्याचा वास आलाच. लोहाऱ्याच्या सूतगिरणीतून ड्युटी संपवून मी यवतमाळला घरी येत होतो. पाऊस उघडला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन दाटलं होतं, आणि वळणावरच्या एका गोठ्यातून धुरीचा, ओल्या शेणाचा आणि त्यात मिसळलेला वार्निसाचा वास आला. कोणीतरी बैलांची शिंगं रंगवायला डबा उघडून पाहिला असणार. पोळा जवळ आल्याचं मला कॅलेंडर कधी सांगत नाही, हा वार्निसाचा वास सांगतो. आणि त्या वासाबरोबर दरवर्षी एकच प्रश्न येतो: यंदा ती आपल्या पायानं चालेल ना?

ती म्हणजे बाबांची फटफटी. विलायतेत घडलेली, एकाच सिलिंडरची, देश स्वतंत्र व्हायच्या आधीची. टाकीवरचं नाव घासून घासून कधीच गेलं, त्यामुळे तिची जात-कूळ कोणी विचारलं तर आम्ही नुसतं ‘विलायती’ म्हणतो. एका लाकूड ठेकेदाराच्या शेडमध्ये कोंबड्या तिच्यावर बसून रात्र काढायच्या. तिथून बाबांनी तिला आमच्या गावी, बोरी अरबला आणली, तेव्हा धुऊन काढायलाच आख्खा दिवस गेला, असं माय सांगते. बाबा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पण खेड्यापाड्यांत सगळे त्यांना ‘डाक्टर’च म्हणत, आणि डाक्टर येण्याआधी त्यांच्या फटफटीचा आवाज पोचायचा. धड्... धड्... धड्... माणसं त्या आवाजानं निश्चिंत व्हायची आणि गुरं बिथरायची. सुईची आठवण गुरांना आवाजानंच व्हायची. दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या एका गावात तर एक म्हैस तो आवाज ऐकून खुंट्यासकट पळाली आणि बाबांना तिच्यामागं फटफटी घेऊन जावं लागलं. ती पुढं, हे मागं. जितका आवाज जवळ, तितकी म्हैस लांब. शेवटी बाबा फटफटी बंद करून पायी गेले, तेव्हा ती मुकाट उभी राहिली.

बाबा तिला इंजिन म्हणून वागवतच नसत. त्यांची सगळी भाषा गोठ्यातली. कार्बोरेटरवर एक छोटं बटण आहे. किक मारण्याआधी ते दाबत राहायचं, पेट्रोल ओघळेपर्यंत. बाबा म्हणायचे, “घाई नोको करू, पान्हवू दे तिले.” हँडलवरची, ठिणगीची वेळ ठरवणारी दांडी मागं न घेता किक मारली की पायाला उलटा झटका बसायचा. बाबा म्हणायचे, “मागून अंगावर गेला की कोनतंबी जनावर लाथ मारनच.” तिच्या खालून तेल ठिबकायचं, कितीही नवं पॅकिंग कापून घाला. “घाम हाये तो. घाम यायचा बंद झाला की घाबरायचं.” आणि सगळ्यात मोठं तत्त्व हे, की तिला ठणठणीत असतानाच तपासायचं. आजारी जनावराला सगळेच पाहतात, धडधाकट जनावराकडं नेमानं पाहतो तो खरा धनी. म्हणून दर रविवारी, काही झालं नसलं तरी, तिच्या नटांना पान्हा लागायचा, वाल्व्हच्या मधल्या फटीत सिगरेटच्या पाकिटातला कागद सरकवून बघायचा आणि तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून त्यात कचकच लागते का ते पाहायचं. पिस्टन दोनदा बदलला. एक यवतमाळच्या लेथवाल्याकडून घासून बसवलेला, कुठल्याशा जीपचा. किकचं रबर मायच्या जुन्या चपलेचं. तरी इंजिन तेच. माझे केस पांढरे झाले, तिचा आवाज नाही झाला.

मी स्वभावानं अपराधी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवालीनं सुकलेली जुडी दिली तरी मला वाटतं, आपणच नीट मागितली नसेल. बायको म्हणते, “तुम्हाले कोनी चोर म्हनलं तं तुम्ही घरात जाऊन चोरीचा माल शोधसान.” खरं आहे. फटफटीच्या बाबतीत तर माझ्या मनावर अपराधांचा ढीगच असतो. रविवार सगळा तिच्यापायी जातो म्हणून बायकोचा अपराधी. अंगणातल्या रांगोळीवर तिचा घाम ठिबकतो म्हणून पुन्हा बायकोचाच. सकाळी सकाळी धडधडाट करतो म्हणून शेजारच्या मास्तरांचा. पण एकदा ती सुरू झाली, तो जाड, संथ, भरल्या पोटाचा आवाज छातीत उतरला, की सगळा ढीग आपोआप खाली येतो. जगात मला एवढ्या स्वस्तात निर्दोष करणारं दुसरं काही नाही.

तर तिच्या पहिल्या पोळ्याची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात नुकताच गेलो होतो.

त्या साली आमचा गोठा रिकामा झाला. मोऱ्या बैल म्हातारा होऊन जेठात गेला. उरलेला पाखऱ्या एकटा पडला, खाईना, म्हणून बाबांनी त्याला कळंबला मामाकडं पाठवलं. तिथं त्याला जोडीदार होता. शेत बटईनं दिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरोघरी बैलांची खांदशेकणी चालली होती. खांद्यांना लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गावातल्या प्रत्येक गोठ्यात ते चाललं होतं आणि गावातल्या प्रत्येक बैलाला बाबांचा हात लागलेला. फक्त त्यांच्या स्वतःच्या दारात बैल नव्हता. माय सवयीनं लोण्याची वाटी घेऊन गोठ्याच्या दारात आली आणि थांबली.

“आता आवतन कोनाले द्याव?” ती म्हणाली.

गोठ्यात, मोऱ्याच्या जागी, पावसात भिजू नये म्हणून फटफटी लावलेली होती. बाबांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. “हिले दे.”

“हे तं माही सवत हाये.”

“मंग तं देच. सवतीले उपाशी ठेवलं असं लोक म्हनतीन.”

माय चिडली. पण वाटी रिकामी परत नेणं तिला जमेना. तिनं बोटभर लोणी-हळद घेतली, हँडलच्या दोन्ही टोकांना, जिथं माणसाचे तळवे टेकतात तिथं, चोळली. मग थोडी टाकीवर. आणि पुटपुटली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. ते टोपी काढून उभे होते.

दुसऱ्या दिवशी बाबा पाटलांकडं गेले, पोळ्याला तोरणाखाली लागणाऱ्या बैलांच्या रांगेत फटफटी उभी करायची परवानगी मागायला. मी बरोबर होतो आणि लाजेनं मेलो होतो. ओट्यावर बसलेली माणसं हसून हसून लोळली.

“डाक्टर, तिले शिंगं कुठी हायेत?” पाटलांनी विचारलं.

“हँडल हाये ना.”

“आन शेपूट?”

“मांगं धूर सोडते, पाह्यला नाई काय?”

तेवढ्यात तांड्यावरचा रामधन पुढं झाला. तेव्हा तो पंचविशीचा असेल. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून मिठाची, धान्याची ने-आण चालायची. बैलाविषयी त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. तो म्हणाला, “पाटील, ओझं वाह्यते, लाथ मारते, आन घामही गाळते. बैल व्हाले अजून काय लागते? माह्या जोडीच्या बाजूले उभी करा.”

 पाटील हसत हसत, पण ठासून म्हणाले, “ठीक हाये. पन बैल तोरनाखाली आपल्या पायानं येते. तुमची हे आपल्या पायानं आली तं रांगेत राहीन. ज्या साली ढकलत आनसान, त्या सालापासून तिची रांग बंद. कबूल?”

“कबूल,” बाबा म्हणाले.

आणि घरी येऊन पाहतो तर ती मेलेली. रात्रभर झड लागली होती, गोठ्याचं छप्पर गळलं होतं. बाबांनी किकवर किक मारली, प्लग काढून पुसला, बटण दाबून दाबून बोटं पेट्रोलनं पांढरी केली. ठिणगीच नाही. या जुन्या विलायती इंजिनांना बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो नावाचा एक डबा स्वतः फिरून ठिणगी पाडतो. त्या डब्यात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असलेला एक गाभा असतो, आणि तो ओल धरतो. ओल धरली की गुंडाळीतल्या गुंडाळीत ठिणगी विरून जाते.

माय चुलीवर पुरण शिजवत होती. बाबांनी तो गाभा बाहेर काढून तिच्यासमोर धरला, जणू तिनंच तो बिघडवला होता. “पाह्य, ओल धरली.”

मायनं हात न लावता वाकून पाहिलं. “सादळला म्हना ना.”

“तेच ते.”

“मंग कुरड्या सादळू नये म्हनून जिथं ठेवतो मी, तिथं ठेवा.”

चुलीच्या वर, धुराच्या वाटेच्या जरासं बाजूला, तारेचं शिंकं होतं. त्यात मायच्या कुरड्यांचा, सांडग्यांचा डबा आख्खा पावसाळा कुरकुरीत राहायचा. डबा बाहेर निघाला आणि गाभा कापडात बांधून आत गेला. एक अडचण होती: गाभा बाहेर काढला की मॅग्नेटोच्या चुंबकाच्या तोंडावर लोखंड ठेवावं लागतं, नाहीतर त्याची ताकद ओसरते. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मायच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. ते चुंबकाला जे चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या मायनं बोटांनी उलटवल्या, आणि प्रत्येक पोळीमागं सवतीला एक शिवी घातली. त्या दुपारभर शिजणाऱ्या पुरणाचा, वेलदोड्याचा आणि त्यात मिसळलेला तापत्या तांब्याचा, लाखेचा वास अजून माझ्या नाकात आहे. इतर लोकांना पुरण म्हटलं की जायफळ आठवतं. मला मॅग्नेटो.

उन्हं कलताना गाभा बसवला. पहिल्याच किकेला ती बोलली. रांगेत पोचलो तेव्हा एक घोटाळा झाला, जो आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. तिथं उभा असलेला एकूण एक बैल बाबांचा पेशंट होता. आवाज ऐकताच मखरं, झुली, घुंगरमाळांसकट सगळी रांग मागं सरकली. पाटलांचा पांढरा बैल तर थेट शाळेच्या पडवीत चढला. गावानं इतकं हसावं असं त्यानंतर काही घडलं नाही. मग शांत झाल्यावर, बैलांसमोर म्हणायच्या झडत्या सुरू झाल्या, तेव्हा कोणीतरी तिथल्या तिथं एक जोडली:

डाक्टरच्या दारी विलायती बैल,
पानी नाई पेत, पेते निस्तं तेल!

आणि सगळ्या रांगेनं हर हर महादेवचा गजर केला. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी नंतर फक्त एकदाच पाहिलं, माझी मुलगी त्यांच्या हातात दिली तेव्हा.

तेव्हापासून ती रीतच झाली. नोकरीच्या निमित्तानं मी यवतमाळला आलो, बाबा गेल्यावर फटफटीही माझ्याकडं आली. पण दर आषाढात मी गाभा काढतो, कापडात गुंडाळून एसटीनं बोरीला नेतो, आणि माय त्याला चुलीवरच्या शिंक्यात ठेवते. पोळ्याआधी जाऊन आणतो, बसवतो, आणि आदल्या दिवशी फटफटीवरून गावी जातो. माय तिला आवतन देते. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायानं तोरणाखाली जाते. एकाही सालचा खंड नाही. पाटील गेले, त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो, रांगेतले बैल दरवर्षी कमी होत चालले. पण अट तशीच आहे आणि ती राखायला रामधनभाऊ आहेत. “याडी,” ते मायला त्यांच्या बोलीत आई म्हणतात, “तुझी सवत यंदा चालन ना?” माय म्हणते, “माह्याआधी नाई थकत ते.”

आता माझा यंदाचा अपराध.

उन्हाळ्यात आम्ही भावांनी मिळून गावच्या घराचा स्वयंपाकघराचा भाग नवा केला. टाइल्स, ओटा, गॅस. धाकटा गजानन आणि त्याची बायको वनिता मायसोबत तिथं राहतात, शेती पाहतात. मायचे डोळे धुरानं सारखे गळायचे. म्हणून मी हट्टानं म्हणालो, चूल राहणार नाही. आणि राहू दिली नाही. सब्बल, म्हणजे पहार, मीच घातली. माय दारात उभी होती, काही बोलली नाही. शिंक्याची तार भिंतीतून उपटताना मला जाणवलं की मी काय करतोय. पण तोवर तार हातात आली होती. मायच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी नंतर कितीतरी रात्री लावत बसलो. एवढ्या वर्षांचं तिचं काम मी एका दुपारी मोडून टाकलं होतं, आणि वर आभाराची अपेक्षा ठेवली होती.

आषाढ आला. गाभा कापडात गुंडाळला, एसटी स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. कुठल्या तोंडानं न्यायचा? ठेवायला सांगायचा कुठं? त्याऐवजी मी एक गोष्ट मागवली, मोबाइलवरून, चोरासारखी: मॅग्नेटोची गरजच संपवणारा नव्या जमान्याचा इलेक्ट्रॉनिक संच. ओलीचं भय नाही, वाळवणं नाही. डबा कपाटात कपड्यांखाली ठेवला. बायकोनं विचारलं, “हे काय?” मी म्हणालो, “काही नाही.” ती म्हणाली, “चोरीचा माल सापडला वाटते.”

ठरवलं, यंदाचा पोळा जुन्यावर, मग नवं बसवू. गाभा तसाच पुन्हा बसवला, डबा पिशवीत टाकला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी निघालो. दारव्ह्याचा रस्ता धुतल्यासारखा होता, कपाशीला पात्या धरल्या होत्या, तुरी वाऱ्यावर डुलत होत्या, आणि ती अशी छान चालली होती की मी गाणं म्हणायला लागलो. बोरीच्या अलीकडं बारीक पाऊस सुरू झाला. ती एकदा खोकली. पुन्हा खोकली. आणि गावाच्या वेशीच्या आत येऊन गप्प झाली.

मागच्या गल्लीतून ढकलत चाललो होतो. कोणी पाहू नये म्हणून. रामधनभाऊ बैल धुऊन समोरूनच आले.

“काहून बापू? बैल लंगडून राह्यला काय?”

“नाई भाऊ, पाय मोकळे करून राह्यलो जरा.”

“तुये का तिचे?” ते हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “आज आवतनाचा दिवस हाये. आजचं ढकलनं धरत नाई मी. उद्याचं धरीन.” आणि मागून एका हातानं ढकलू लागले.

माय ओसरीत बसली होती, वाटीत लोणी-हळद कालवून. तिला आता दूरचं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत.

“आवाज नाई आला.”

“सादळली, माय.”

“मंग आषाढात आनला काहून नाई त्याले?”

मी फटफटी स्टँडवर लावली. मान खाली घातली. “चूल कुठी होती? मीच फोडली ना.”

तिनं वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता उन्हाळ्यापासून तुंबलेलं सगळं बाहेर येणार. ती म्हणाली, “म्हनून नाई आनला?”

“हो.”

“अन् मी तिथं जागा ठेवून वाट पाहून राह्यलो!”

ती उठली, भिंतीला धरत आत गेली, मी मागं. पुढच्या खोलीत टीव्ही आहे. टीव्हीच्या खाली डिशचा काळा डबा. त्यावर डाव्या बाजूला मायचा कुरड्यांचा ॲल्युमिनियमचा डबा होता. उजव्या बाजूला तिच्या जुन्या लुगड्याचा चौघडी घातलेला तुकडा. वर काही नव्हतं.

“हात लावून पाह्य.”

मी लावला. उबदार. अगदी शिंक्याइतका नाही, पण सुखद, कोरडा, सारखा उबदार.

“चूल गेली तं आठ दिवस डोकं खाल्लं मी सगळ्याईचं,” माय म्हणाली. “कुरड्या ठेवू कुठी? मंग एका दिवशी मांजर याच्यावर येऊन बसली. मी म्हनलं, मांजरीले कळलं तं मले कळू नये? तवापासून इथंच. एक कुरडी नाई सादळली. हे अर्धी जागा माह्या सवतीची. गजाननले सांगतलं, तिथं चार्जर नोको ठेवू.”

“मग तेव्हा बोलली काहून नाही तू? चूल फोडताना?”

“काय बोलू? डोळ्याचं पानी तं बंद झालं ना. बरं झालं फोडली. मी पाहून राह्यलो होतो, तू सब्बल पायावर तं नाई पाडून घेत.”

इतके महिने मी जी शिक्षा भोगली, ती अशी फुकट गेली.

त्यानंतरचे चोवीस तास मी आयुष्यात विसरणार नाही. संध्याकाळी मायनं फटफटीला आवतन दिलं, आणि मी ओसरीत मॅग्नेटो उघडला. चुंबकावर ठेवायची लोखंडी पट्टी यवतमाळलाच राहिलेली. वनिताचं स्टीलचं उलथनं चुंबकाला चिकटेना. मायचं जुनं लोखंडी लगेच चिकटलं. “घ्या,” माय म्हणाली, “हिले माह्याच उलथन्याची चटक हाये.” गाभा लुगड्याच्या घडीवर बसला. डबा तापत राहावा म्हणून सकाळपासून टीव्ही चालू ठेवायचा हुकूम सुटला. शेजारच्या बाया पोळ्याचा नैवेद्य सोडून आत डोकावत: “काहून व काकू, आज सकाळीच सिरियल?” माय म्हणायची, “सिरियल नाई व, बाळंतीण शेकून राह्यलो.” गॅसवर पुरण शिजत होतं. दुपारी लाईट गेली. वनितानं पोळी तव्यावर तशीच सोडली, गजानन अंगणात आभाळाकडं बघत उभा राहिला, मायनं गाभ्यावर आपला पदर पांघरला, ऊब जाऊ नये म्हणून. लाईट आली तेव्हा घरात जो ओरडा झाला, तो क्रिकेटच्या सामन्यातही होत नाही. करपलेली पोळी मी खाल्ली. आणि ती मला फार गोड लागली.

त्याच गडबडीत मायला माझ्या पिशवीत तो नवा डबा सापडला. मी सगळं सांगितलं. हे बसवलं की गाभा नको, वाळवणं नको, पावसाची भीती नको. तिनं डबा हातात घेऊन तोलून पाहिला. “पोळा होऊ दे,” एवढंच म्हणाली.

उन्हं कलली. गाभा बसवला, दांडी मागं घेतली, बटण दाबून तिला पान्हवू दिलं. माझा उजवा गुडघा आताशा किकेला कुरकुरतो. पहिली किक गेली. दुसरी गेली. रस्त्यावर रामधनभाऊ आपली जोडी धरून थांबले होते, पुढं जात नव्हते. तिसऱ्या किकेला पायाखालून एक गंभीर हुंकार आला आणि मग, धड्... धड्... धड्... रामधनभाऊंचे बैल बाबांना ओळखत नाहीत, ते फार नंतरचे. तरी त्यांनी माना वळवल्या. “चाल व विलायती!” रामधनभाऊ ओरडले.

तोरणाखाली माय ताट घेऊन उभी होती, वनिताच्या खांद्यावर हात ठेवून. बैल मोजकेच होते. त्यांच्या शेवटी आम्ही. मायनं फटफटीच्या पुढच्या दिव्याला कुंकू लावलं, हँडलवर पुरणाची पोळी ठेवली. खाली तेलाचा एक थेंब ठिबकला. मायनं वाकून तो पदरानं टिपला. “घाम आला बाप्पा तिले,” ती म्हणाली, “सुखरूप हाये.” पाटलांच्या मुलानं माइकवरून ती जुनी झडती म्हटली आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, हसता हसता चष्मा पुसू लागलो.

दुसऱ्या दिवशी निघताना नवा डबा पिशवीत दिसेना. आत गेलो. डिशच्या डब्यावर, लुगड्याच्या घडीवर, अगदी गाभ्याच्या जागी तो ठेवलेला होता.

“माय, हे मला न्यायचं आहे. हे सादळत नाही.”

“न सादळनारी वस्तू मी अजून पाह्यली नाई,” ती म्हणाली. “राहू दे तिथंच. लागला तं आषाढात येऊन बसवजो. नाई लागला तं गाभा आनजो. जागा दोघाईची होते.”

मी वाद घातला नाही. फटफटी दारव्ह्याच्या रस्त्याला लागली, ऊन पडलं, आणि मनावर एकही अपराध नाही असं वाटून मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं. लोहाऱ्याला चहासाठी थांबलो आणि हत्यारांची पिशवी उघडली, तेव्हा पान्ह्यांमध्ये मायचं उलथनं होतं.

घाबरून फोन लावला. “माय, तुझं उलथनं माझ्यासोबत आलं.”

“मले सकाळीच समजलं.”

“मग सांगितलं काहून नाही? उद्याच्या एसटीनं पाठवतो.”

“एसटीनं कायले? दिवाळीले तिच्यावरच घेऊन ये. तवर मी हातानं उलटवतो, सवय हाये मले.” मागं टीव्हीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “अन् बापू, ढकलत नोको आनू.”